ऐकायचा अल्बम

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "अक्का, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा." मी म्हटलं, अहो, आयुष्यभर मी दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप केलं, माझं कोण वाचणार? शिवाय आमच्या घरात तेलुगू, शाळा मराठी, शेजार उर्दू आणि निम्मं गिऱ्हाईक अक्कलकोटकडचं कानडी. अशा बाईचं मराठी तुम्हाला चालेल का? ते म्हणाले, चालेल की. तर आता सोसा.

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, जावळाची निमंत्रणं, पतसंस्थांचे अहवाल आणि वर्षाकाठी चार-दोन पुस्तकं. लोकांना वाटतं डीटीपी म्हणजे टायपिंग. टायपिंग काय, कोणीही करतं. आमचं काम पान बांधायचं. ओळ कुठे मोडायची, चित्र कुठे बसवायचं, परिच्छेदाची शेवटची एकटी ओळ पुढच्या पानावर पळाली तर तिला मागे कशी ओढायची, ह्यात माझी सगळी उमेदीची वर्षं गेली. बांधलेलं पान मी लांब धरून बघायची आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची.

साठी जवळ आली तसं दुकान बंद करायचं ठरवलं. तेवढ्यात एक जुने गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक, कवितांचं बाड घेऊन आले. "अक्का, ह्याचं ईबुक करून द्याल का?" माझ्या तोंडाला नाही म्हणायची सवयच नाही. "देते की," म्हटलं आणि घरी येऊन डोक्याला हात लावून बसले.

इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून शिकले. शिकवणारा पोरगा हिंदीत असा सुसाट बोलायचा, जणू त्याच्या मागे कुत्रं लागलंय. त्याला थांबवायचं, चार शब्द वहीत उतरवायचे, पुन्हा सोडायचं. सॉफ्टवेअर उघडलं की डावीकडे बारक्या बारक्या फाइली दिसतात, एकेक धडा म्हणजे एकेक फाइल. मधे मजकूर, आणि प्रत्येक वाक्याच्या मागेपुढे टोकदार कंसातल्या खुणा. एक खूण बंद करायची राहिली की पुढचं अख्खं पुस्तक तिरप्या अक्षरात. आमचं जुन्या फॉन्टमधलं मराठी त्यात ओतलं तर नुसता चिखल. सगळं नव्याने बदलून घ्यावं लागलं. दोनदा रडले. खोटं कशाला सांगू?

पण खरा घाव वेगळाच होता. ईबुकात पानच नसतं! वाचणारा आपल्या फोनवर अक्षर मोठं करतो, बारीक करतो, तसा मजकूर पसरतो नाहीतर आटतो. मी बांधायचं काय मग? शिक्षकांनी आपलं ईबुक सुनेच्या फोनवर मोठ्या अक्षरात उघडलं आणि तावातावाने माझ्या दारात आले. "माझ्या ओळी तोडल्यात तुम्ही!" मी म्हटलं, "सर, मी नाही तोडल्या, तुमच्या सुनेच्या बोटाने तोडल्या." त्यांनी अजून माझ्याशी बोलणं सुरू केलेलं नाही.

सॉफ्टवेअरात एक तपासणीचं बटण असतं. पुस्तक झालं की ते दाबायचं, मग ते चुका लाल अक्षरात दाखवतं. त्यात एक चूक हमखास यायची: चित्राला वर्णन नाही. आधी मला कळेना. चित्र दिसतंय की, वर्णन कशाला? मग त्या हिंदीवाल्या पोराने सांगितलं, की ज्यांना दिसत नाही ते लोक ईबुक ऐकतात. फोन त्यांना वाचून दाखवतो. चित्र आलं की त्यामागे आपण लिहून ठेवलेलं वर्णन बोलतो. बाकी कोणाला ते दिसत नाही. मला ही गोष्ट फार आवडली. पान गेलं होतं, पण हे काम हाताशी आलं. मी माझा नियम केला: जे दिसतं तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि दिसलेलं गाळायचं नाही.

हे कुठून तरी सोलापूरजवळच्या होटगीला पोचलं आणि एक दिवस शिवानंद नावाचा मध्यमवयीन माणूस वडलांचा हात धरून माझ्या घरी आला. वडील बसवणप्पा, रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार होते, होटगी जंक्शनलाच सगळी नोकरी झाली. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. अंगात पांढरीशुभ्र बंडी, डोक्याला टापटीप रुमाल. मांडीवर काळ्या पानांचा जाडजूड अल्बम.

"अक्का," म्हातारा म्हणाला, "मला माझा अल्बम ऐकायचाय."

अल्बम त्यांच्या बायकोचा, निलव्वाचा. दरवर्षी संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला ही मंडळी होटगीहून सोलापूरला यायची आणि रंगवलेल्या पडद्यापुढे फोटो काढून घ्यायची. जत्रेतले ते फोटोवाले आठवतात ना? पडद्यावर ताजमहाल, विमान, चंद्र, धबधबा. दरवर्षी एक फोटो, एकही वर्ष खाडा नाही. निलव्वाचाच हट्ट. "तिला फोटोचं लई याड," बसवणप्पा म्हणाले. वर्षभरापूर्वी त्या गेल्या आणि तेव्हापासून म्हातारा अल्बम उशाला घेऊन झोपतो, पानांवरनं बोटं फिरवतो.

मी काम घेतलं. उठताना त्यांनी माझा हात चाचपून धरला. "एक सांगतो. डोळं गेल्यापासनं समदी मला फशिवत्यात. चांगल्यापायी फशिवत्यात, तरी फशिवत्यातच. निलव्वा सकाळी गेली, तर दुपारपतुर मला सांगत हुते, झोपलीया म्हून. मी तिच्या शेजारी बसून हळू बोलत हुतो, तिची झोपमोड नको म्हून. तुमी तसं करू नका. जे हाय ते समदं लिवा."

शिवानंद खाली मान घालून उभा होता. मी शब्द दिला.

फोटो स्कॅन केले, सॉफ्टवेअरात चढवले. चाळीसेक फोटो, सगळ्यांचं वर्णन लिहायचं म्हणजे कंटाळवाणं काम. त्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत एक सोय आली होती, बटण दाबलं की यंत्र स्वतःच चित्र बघून वर्णन सुचवतं, इंग्रजीत. म्हटलं, बघू तरी, आपण मराठी करून घेऊ.

पहिला फोटो. तरुण बसवणप्पा, तरुण निलव्वा, मागे चंद्र. यंत्र म्हणालं: एक पुरुष, एक स्त्री आणि एक मूल.

मूल कुठे होतं? मी चष्मा पुसून बघितलं. नव्हतं. यंत्राला शिव्या घातल्या, चंद्राला पोर समजलं असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या फोटोत पडद्यावर विमान. पुन्हा एक मूल. पुढे एका फोटोत निलव्वाच्या डाव्या कडेवर बाळ आलं, तो शिवानंद. यंत्र म्हणालं, दोन मुलं. दहा-बारा फोटोंनंतर ते 'मूल' म्हणायचं थांबलं आणि 'मुलगी' म्हणायला लागलं. आणखी पुढे, पडद्यावर धबधबा होता त्या फोटोपासून, 'तरुणी'.

भर दुपारची वेळ. गल्लीत भंगारवाला ओरडत होता, खाली पोरं खेळत होती. तरी मी उठून दार उघडं टाकलं. उगीच. मग ती सोय बंद करून टाकली आणि ठरवलं, आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि आपल्या हाताने लिहायचं.

चार दिवस बसून सगळी वर्णनं लिहिली. 'डावीकडे पुरुष, पांढरा सदरा, टोपी. उजवीकडे स्त्री, इरकल साडी, उजवा हात थोडा बाजूला, मांडीपाशी.' असं. लिहिताना काही वाटलं नाही. एकेक फोटो सुटा सुटा बघत होते ना! मग धंद्याच्या पद्धतीप्रमाणे तयार पुस्तक फोनवर घेतलं, डोळे मिटले आणि ऐकायला बसले. फोनमधली बाई सपाट आवाजात एकामागून एक वाचत गेली.

उजवा हात बाजूला, मांडीपाशी. उजवा हात बाजूला, मांडीच्या वर. उजवा हात बाजूला, कमरेशी, पंजा पालथा. पंजा पालथा, कमरेच्या वर. कोपर वाकलेलं, पंजा छातीच्या खाली.

अय्यो!

फोन बंद केला आणि अल्बम घेतला. प्रत्येक फोटोत नवराबायकोच्या मधे एका माणसाची जागा मोकळी होती. जत्रेतला फोटोवाला "सरका, सरका, जवळ या" म्हणून घसा फोडून ओरडतो, हे सोलापुरात कोणाला सांगायला नको. तरी ही दोघं कधी सरकली नव्हती. शिवानंद नेहमी आईच्या पलीकडच्या बाजूला. मधे कधीच नाही. आणि त्या मोकळ्या जागेवर निलव्वाचा हात, डोक्यावरनं फिरवावा तसा, हवेत ठेवलेला. दरवर्षी थोडा वर. चेहऱ्यावर काही नाही, समोर बघतेय, नीट पदर घेतलाय. शेवटच्या काही फोटोंत हात खांद्याच्या उंचीवर जाऊन थांबला होता, मोठ्या लेकीच्या खांद्यावर ठेवावा तसा. त्यापुढे चढला नाही. माणूस काही वयानंतर वाढायचं थांबतं, तसा.

मी अल्बम मिटला, त्याच्यावर डाळीचा डबा ठेवला आणि शेजारच्या मुमताजभाभीकडे जाऊन बसले. काय झालं तिने विचारलं, तर मी चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी शिवानंदला बोलावून घेतलं. "तुला बहीण होती का?"

"न्हाई की. मी एकटाच." मी त्याला फोटो ओळीने दाखवले. त्याने ते लहानपणापासून शंभरदा बघितले असतील. पहिल्यांदा हसला, मग हसू मावळलं, मग त्याने पटापट पानं उलटली आणि शेवटच्या फोटोवर हात ठेवला. मोठा धिप्पाड माणूस, कपाळावर घाम.

"आई जत्रेत माझा हात धरायची," तो हळू म्हणाला, "डाव्या हातानं. उजवीकडं गेलो तर ओढून पलीकडं घ्यायची. मला वाटायचं सवय असंल." मग एकदम माझ्याकडे वळला. "अक्का, हे हाताचं लिहू नका. अण्णांचं काळीज आता लई नाजूक झालंय. आई वेडी होती असं वाटंल त्यांना, न्हाईतर भ्या वाटंल. मधी जागा हाय न् हात हाय, एवढं काढून टाका की. त्यांना कुठं दिसतंय?"

त्यांना कुठं दिसतंय. हेच ते वाक्य, ज्यासाठी म्हाताऱ्याने माझा हात धरला होता.

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. गाळणं सोपं होतं. खुणांच्या मधले चार शब्द पुसायचे, जतन करायचं, तपासणीचं बटण दाबायचं. यंत्र म्हणालं असतं, चूक नाही. बसवणप्पांना छान अल्बम मिळाला असता, बायको छान उभी, पोरगा छान उभा. आणि ऐकून म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं तर शिवानंदला तोंड कसं दाखवणार होते मी? एक दिवस मी ते शब्द पुसलेसुद्धा. पुसून पुस्तक ऐकलं. आणि सांगते, ते जास्त भयंकर वाटलं. फोनमधली बाई 'डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्री' म्हणायची आणि मधे क्षणभर थांबायची. स्वल्पविरामाला ती थांबतेच, सगळीकडे थांबते, मला ठाऊक आहे. पण त्या थांबण्यात कोणीतरी आहे असं वाटायला लागलं. मी शब्द परत घातले.

शिवानंदला फोन करून सांगितलं, "मी शब्द दिलाय. ऐकवायचं तर पूर्ण ऐकवीन, नाहीतर अल्बम परत न्या."  तो म्हणाला, "या. मी बी बसतो."

होटगीला त्यांचं घर स्टेशनापासून जवळ. दुपारचं ऊन, पत्र्याची खोली, मालगाडी गेली की भांडी वाजायची. बसवणप्पा कॉटवर बसले होते. मी फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला, बाजूच्या खुर्चीवर बसले. शिवानंद दारात.

फोन बोलायला लागला. पहिल्या फोटोला म्हातारा हसला. "चांद! चांदाचा पडदा हुता, बराबर." दुसऱ्याला मान डोलावली. तिसऱ्या-चौथ्या फोटोला मान थांबली. त्यांचा चेहरा हळूहळू माझ्याकडे वळला. "थांबवा वाईच."

मी थांबवलं. शिवानंद दोन पावलं आत आला.

"हात कसा हाय म्हनला तिचा?"

"बाजूला आहे. हवेत. तुमच्या दोघांच्या मधे जागा आहे, त्या जागेवर."

"परत्येक फोटूत?"

"प्रत्येक फोटोत."

त्यांनी हात चाचपत फोन बाजूला सरकवला. मला वाटलं, संपलं, आपण म्हाताऱ्याला मारलं. मग त्यांनी विचारलं, "आन् माझा? माझा डावा हात बघितला का तुमी?"

नव्हता बघितला. मी निलव्वाच्या हातातच अडकले होते. बसवणप्पांचा हात खाली होता, म्हणून 'हात खाली' लिहून मोकळी झाले होते. अल्बम उघडून खिडकीच्या उजेडात धरला. हात खाली, पण मोकळा नव्हता. चार बोटं मिटलेली आणि एक बोट जरासं पुढे. लहान पोराला धरायला देतो तसं. पुढचं पान, तसंच. शेवटच्या पानापर्यंत तसंच, त्याच उंचीवर.

मी वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. 

"मादेवी तिचं नाव," ते म्हणाले. शिवानंदला म्हणाले, पण तोंड समोर होतं. "तू व्हायच्या आधीची. चार वर्साची. गड्ड्याला गेलतो. निलव्वा म्हनली, पोरीचा फोटू काढू. मी म्हनलो गाडीची येळ झाली, फुडच्या साली काढू. हितं होटगीला उतरलो. ही गर्दी! ती आमच्या मधी चालत हुती. निलव्वाला वाटलं मी धरलंय, मला वाटलं तिनं धरलंय."

बाहेर मालगाडी जात होती. भांडी वाजायची थांबेपर्यंत ते थांबले.

"लई हुडकली. सोलापूर, जेऊर, गुलबर्गा, कुटं कुटं. मग मीच सांगितलं, आता घरात नाव काडायचं न्हाय. तिनं न्हाय काडलं. एकदा बी न्हाय. मला वाटायचं, ही बाई इसरली. मला लई राग यायचा तिचा. मी एकटाच बोट फुडं धरून हुभा ऱ्हातो, आन् ही आपली फोटूसाठी नटून येती." त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "चाळीस वर्सं शेजारी हुभी हुती की वं अक्का. मला दिसत हुतं तवा बी न्हाय दिसलं."

शिवानंद भिंतीला टेकून रडत होता. मीही रडत होते, लाजायचं काय त्यात?

बसवणप्पा रडले नाहीत. त्यांना पुढचं ऐकायचं होतं. मी फोन सुरू केला आणि ते एकेक वर्ष ऐकत गेले. मांडी, कंबर. प्रत्येक फोटोनंतर पुटपुटायचे, "शाळंत गेली." "शानी झाली आता." मधे एकदा हसलेही. आणि शेवटचा फोटो आला, तसं त्यांनी विचारलं, "कुटवर हाय हात?"

"खांद्यापाशी."

"म्हंजी आईएवढी झाली." ते कॉटवरनं उठले. शिवानंद धरायला धावला तर त्याला थांबवलं. "तिनं मोटी केली पोरगी. माझ्या बोटाला अजून चार वर्साचीच हाय बगा."

उभे राहिले आणि डावा हात बाजूला नेला, खाली, बोट पुढे करून. मग हळूहळू वर आणला. मांडी, कंबर, छाती. खांद्याच्या उंचीला आला तसा पंजा पालथा केला आणि तिथेच ठेवला. ऐंशीच्या घरातला माणूस. असा हात हवेत धरला तर कोणाचाही काही क्षणांत थरथरायला लागतो, खाली येतो. त्यांचा आला नाही. थरथरलाही नाही. बोटं सैल पडली, मनगट सैल पडलं, टेकलेल्या हाताचं पडतं तसं.

 त्यांनी मान त्या बाजूला वळवली होती आणि हळू आवाजात कानडीत काहीतरी सांगत होते. मला कानडी थोडं कळतं. पण मी ऐकलं नाही, ते माझ्यासाठी नव्हतं.

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी पिशवी उचलली. दार समोर होतं, बसवणप्पांच्या डाव्या हाताच्या बाजूने चार पावलं, मधे काहीही नाही. मी जे दिसतं तेच मानणारी बाई. तरी मी उजवीकडून, कॉटला वळसा घालून, अंग चोरून बाहेर पडले. शिवानंद मला सोडायला आला, तोही तसाच वळसा घालून आला.